हजार बिड्या आणि वासराची गोष्ट

तुमसर तालुक्यातल्या आमच्या गावात तेव्हा घरोघरी बिड्या वळल्या जायच्या. आमच्या छपरीत माझी माय धरून पाच जणी बसत. प्रत्येकीच्या मांडीवर सूप, सुपात तंबाखू आणि कापलेला तेंदूपत्ता. एकीच्या दिवसाला हजार बिड्या, म्हणजे पंचविसाचे चाळीस कट्टे. मायचे कट्टे बांधायचं काम माझं.

पाचवीत असताना गुरुजींनी शाळेच्या पेटीतलं एक पुस्तक मला दिलं. शहाण्णव पानांचं. अट एकच, घरी कोणाला तरी मोठ्यानं वाचून दाखवायचं. म्हणून मी शाळा सुटल्यावर छपरीतच वाचायला लागले. पुरात वाहून गेलेल्या वासराला शोधायला निघालेल्या मुलीची गोष्ट होती.

त्या दुपारी मला अजून दिसतात. बांबूच्या तट्टीतून येणारं ऊन, त्यात तरंगणारी तंबाखूची धूळ, आणि दहा हात आपोआप चाललेले, जणू ते कोणाचेच नव्हते. बाया छपरीत नव्हत्याच. त्या मुलीसोबत नदीकाठानं चालत होत्या.

तिसऱ्या दिवशी त्या मुलीला रेतीत वासराची नुसती घंटी सापडली. संध्याकाळी कारखान्यात माल मोजून घेताना मुनीमानं मायच्या एकशे बारा बिड्या छाटून बाजूला काढल्या. सैल वळलेल्या. बाकीच्या चौघींचंही तेच. छाटलेल्या बिड्या आपल्या वेळात पुन्हा वळून द्याव्या लागत.

परतताना माय म्हणाली, "उद्यापासून पुस्तक बंद. एवढ्या बिड्या का तुये गुरुजी वळून देईन?"

आमच्यात सगळ्यांत मोठी शेजारची काकी होती. ती म्हणाली, "बंद काहून वं? ते पोरगी नदीवर उभी हाय. तिले तशीच सोडतं का?"

"मंग तू वळ माया बिड्या."

काकीनं मला विचारलं, "पोरी, आधीच्या दोन दिवसांत तुया मायच्या किती छाटल्या होत्या?"

"पहिल्या दिवशी नऊ, दुसऱ्या दिवशी अकरा."

"मंग वाचून नाई बिघडल्या. रडून बिघडल्या. रडाचं येते ते बिड्या झाल्यावर वाचाचं."

"पण रडाचं कुठं येते, ते पयले कसं समजन?" माय म्हणाली.

सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या.

"एक डाव पाहू," माय म्हणाली. "छाट वाढली तं पुस्तक वापस."

दुसऱ्या दिवशी रविवार होता. सकाळी मी पुस्तक घेऊन तलावाच्या पाळीवर बसले. तोवर मी आवाज काढूनच वाचत होते, शाळेतही आणि घरीही. त्या दिवशी पहिल्यांदा ओठ मिटून वाचलं. थोड्या वेळानं अक्षरं दिसेनाशी झाली आणि नुसती नदी उरली. समोरचं कमळांचं पाणी वाहायला लागलं. पलीकडच्या धानातून ती मुलगी चालत आली आणि पाळीवर माझ्यापासून हातभर दूर बसली. मी तिच्याशी बोलले नाही, तीही बोलली नाही. सावली सरकून माझ्या पायांवर ऊन आलं, ते मला फार उशिरा कळलं. रडण्याच्या जागा सात निघाल्या. सातही ठिकाणी मी तेंदूपत्त्याचं कातरण घालून ठेवलं.

दुपारी पहिल्या कातरणाशी मी थांबले आणि तो भाग सोडून पुढे गेले.

"मेलं का वं वासरू? एवढं तरी सांग," एक मावशी म्हणाली.

"बिड्या होऊ द्या, मावशी."

"मोठी मुनीमच झाली हे."

शेवटचा कट्टा बांधून झाल्यावर मी राहिलेले भाग वाचले. पाची जणी रडल्या. हात मोकळे होते, त्यामुळे पदरानं डोळे पुसायलाही सवड होती.

कारखान्याला गेलेली माय परत येईस्तोवर मी दारातच उभी होते. तिनं टोपली खाली ठेवली, हातपाय धुतले. मग म्हणाली, "चौदा."

नऊ आणि अकरापेक्षा चौदा जास्तच होत्या.

"गुरुजीले सांग," ती म्हणाली, "पुढचं पुस्तक याच्याहून मोठं द्या म्हणाव."