आसरांनी न घेतलेलं वांगं

आमच्या घरात कुणी भुताखेतांचं बोललं की वडील त्याची उलटतपासणी घ्यायचे. अमरावतीला वकील होते ते. मीही त्याच मुशीतला... असल्या गोष्टी म्हणजे रिकाम्या डोक्याचे उद्योग, असं माझं ठाम मत.

आज हे लिहितोय ते परवाच्या पेपरमुळे. अणुबॉम्बच्या चाचण्यांसाठी कुठल्याशा बेटावरून उठवलेल्या लोकांना 'आता सगळं साफ आहे' म्हणून परत नेलं होतं, आणि पुन्हा उठवावं लागलं. त्यांच्या नारळातच विष निघालं. वाचून शिसारी आली. त्यांना परत नेणाऱ्या साहेबांची कमी, माझीच जास्त.

वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांतात होता. मी अकोल्याला कचेरीत कारकून. पूर्णेच्या पात्रात एक बेट आहे, नाव सांगत नाही. तिथे अकरा माळी कुटुंबं भाजीपाला पिकवायची. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात लष्कराने त्यांना खडकाळ माळावर नेऊन टाकलं आणि बेटावर विषारी वायूचे बॉम्ब फोडून पाहिले. लढाई संपली तसा हुकूम आला — जमीन साफ, लोक परत वसवा. सर्टिफिकेट तयार होतं. फक्त लोकांच्या संमतीचे अंगठे घ्यायचे राहिले होते, आणि ते काम माझं.

आमच्या कचेरीच्या साहेबाने बेटावर नमुन्याला वांगी लावून घेतली होती. गंगाबाई नावाच्या म्हातारीचा शब्द त्या लोकांत चालायचा. तिने वांगी उलटीपालटी करून पाहिली. टपोरी, चकचकीत, एकालाही अळीचं भोक नाही.

"बाबू, जे अयीले नाई पायजे ते आमाले कावून देता?"

साहेब हसला, म्हणून मीही हसलो.

बेटाच्या टोकाला साती आसरांचे, म्हणजे पाण्यातल्या सात देवींचे, शेंदूर लावलेले दगड होते. तिने तिथे एक वांगं ठेवलं. "सकायपर्यंत मुंगीनं, पाखरानं, कोनीबी तोंड लावलं तं आसराईनं घेतलं. मंग आमी येतो. नाई तं नाई."

मला बढती हवी होती. पहाटे सगळ्यांच्या आधी मी दगडांपाशी गेलो. वांगं जसंच्या तसं. मुंग्यांची रांग त्याच्यापर्यंत येऊन वळसा घालून पुढे जात होती. मी ते उचललं. अंगठ्याचं नख सालीत रुतलं आणि कुजक्या लसणासारखा वास आला. जोर लावून ते धारेत फेकलं. वाहत गेलेलं मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं.

गंगाबाई आली. तिने रिकामा दगड पाहिला, मग मला पाहिलं.

"घेतलं म्हंता?"

"घेतलं," मी म्हणालो.

दुपारपर्यंत सगळे अंगठे उमटले.

काही महिन्यांनी मला पुन्हा तिथे पाठवलं. पोरांच्या हातांवर फोड आले होते. गंगाबाईच्या नातीचे डोळे पुवाने चिकटून बंद झाले होते. ती पुढे आंधळीच राहिली. लोक परत त्याच माळावर जायला सामान बांधत होते. गंगाबाईने मला दगडांपाशी नेलं.

तिथे वांगं होतं. ताजं, चकचकीत. सालीवर नखाची खूण. मी अंगठा लावून पाहिला — नख बरोबर बसलं. तोच वास आला आणि मी तिथेच ओकलो.

"आसराईनं वापस देल्लं," ती म्हणाली. "तुमचं हाय, घेऊन जा."

वडिलांसारखी उलटतपासणी मी पुष्कळ घेतली. दुसरं वांगं असेल, दुसऱ्या कुणाचं नख असेल... पण मी फेकताना तिथे कुणी नव्हतं, आणि ती खूण कुणाला ठाऊक नव्हती. वांगं परत कसं आलं, याचा उलगडा मला आजवर झालेला नाही.

ते गेलं कसं, हे मात्र ठाऊक होतं. नंतर चौकशी झाली तेव्हा साहेबाने अंगठ्यांचा कागद पुढे केला. गंगाबाई म्हणाली, निवद घेतला गेला म्हणून आमी आलो. मग अधिकाऱ्याने मला विचारलं, नैवेद्य कोणी घेतला?

मी म्हणालो, आसरांनी.