रक्ताचा रिपोर्ट आणि माझा खोटा नंबर

चाळिशीतल्या माझ्याइतकी शहाणी बाई अख्ख्या सोलापुरात नव्हती, असं माझं स्वतःचंच मत होतं. नवरा एचआयव्हीनं गेलेला, स्वतःचा रिपोर्टही तसाच आलेला, आणि बाईसाहेबांना काळजी कसली? शेजारी बसून विड्या वळणाऱ्या बायकांना कळेल याची! मेले तरी चालेल, पण त्यांच्या तोंडी जायला नको.

दवाखान्यात एचआयव्हीच्या गोळ्यांची डबी हातात दिली, पण त्या सुरू करण्याआधी रक्त घेतलं. नर्सबाईंनी विचारलं, "खोकला? ताप?"

"खोकला तंबाखूचा हाय, बाई. विड्या वळतो आमी." ताप सांगितलाच नाही. तापाची गोळी गिळूनच गेले होते ना!

"अंगात कुठं सूज धुमसत असली तर या रक्तात कळतं. तसं दिसलं तर फोन करू. मग आधी टीबी तपासायचा, तोवर या गोळ्या घ्यायच्या नाहीत. फोन नाही आला, तर आठवड्यानं सुरू करा. नंबर?"

मी शेवटचा आकडा बदलून सांगितला. काय ती हुशारी!

फोन आला नाही, म्हणून ठरल्या दिवशी गोळ्या सुरू केल्या. पंधरवड्यात मानेवर लिंबाएवढ्या गाठी आल्या, अंग तव्यासारखं तापलं. मी निकाल दिला, गोळ्या विषारी आहेत. डबी पिठात खुपसली. लेकीनं ती शोधली आणि मला रिक्षात कोंबलं.

नर्सबाईंनी फाईल आपटली. "सूज पहिल्याच रक्तात दिसली होती. तीनदा फोन केला. कुर्डुवाडीचा कुणी रेल्वेवाला उचलतोय! शेवटी तोच विचारायला लागला, सापडल्या का तुमच्या बाई?"

डॉक्टरांनी समजावलं. टीबी आत दडलेला होता. गोळ्यांनी अंगातली ताकद जागी झाली आणि त्याच्यावर तुटून पडली, म्हणून गाठी. आता टीबीचं औषध, सूज उतरवायच्या गोळ्या, आणि पिठातली डबीही चालू. "आणखी आठवडा घरी बसला असता, तर आमच्या हातात काही उरलं नसतं."

"आता खरा नंबर," नर्सबाई म्हणाल्या. मी पुटपुटले. त्यांनी तिथल्या तिथं लावून पाहिला. माझ्या पिशवीत फोन ठणाणा वाजला, सगळा बाक वळला. कोपऱ्यात माझ्याच शेजारी विड्या वळणारी बाई बसली होती. तिच्याही हातात माझ्यासारखीच गोळ्यांची डबी होती. तिनं पदर तोंडावर ओढला. आणि मी, गाठींनी वाकडी झालेली मान घेऊन, लपायला खांब शोधत होते.

"आई, बस की गप!" लेक म्हणाली.