कावून आली?

थंडीत सकाळी अकोल्याहून शाळेकडे निघाले की अर्धा रस्ता मी झोपेतच असते. शाल डोक्यावरून घ्यायची आणि बसच्या काचेबाहेर बघत राहायचं. तुरीची शेतं धुक्यात अर्धी बुडालेली असतात. उत्तरेला सातपुड्याची निळी रेघ कधी दिसते, कधी नाही. दिसली की वाटतं अगदी जवळ आली. नाही दिसली की वाटतं ती कधी नव्हतीच. माझं घर जठारपेठेत, दुकानांच्या गलबल्यात, त्यामुळे ही सकाळची बस म्हणजे माझी एकटीची चैन. त्या वेळी कुणी माझ्याशी बोललं की माझं डोकं फिरतं. कंडक्टरला आता ते माहीत झालंय.

मी शिकवते ती शाळा डोंगराच्या पायथ्याशी, एका जुन्या गावात. काही वर्षांपूर्वी त्या गावाशेजारी दुसरं एक गाव येऊन बसलं. आधी ते वर जंगलात होतं. वाघांसाठी जंगल मोकळं करायचं ठरलं आणि ती कोरकू आदिवासी माणसं खाली सपाटीवर आली. सरळ ओळींत घरं, सगळी एकाच रंगाची. पाटीवर त्यांच्या जुन्या गावाचंच नाव आहे, पण आमच्याकडे सगळे त्या वस्तीला ‘पुनर्वसन’ म्हणतात. "थे पोरगी कुठची हाये?" "पुनर्वसनातली." अख्ख्या गावाचं नाव इतक्या सहज पुसलं जातं, बघा. मला त्याचा संताप येतो.

त्या वस्तीतली एक मुलगी माझ्या वर्गात, सहावीत आली. अंगानं बारकी, केस तेल लावून चापून बसवलेले. बोलायची अगदी पुस्तकातलं मराठी, कारण पाचवीपर्यंत वरच्या आश्रमशाळेत तिला तेच शिकवलेलं; ती शाळा आता बंद झाली. "मला पाणी हवे आहे," असं पूर्ण वाक्य. आमची पोरं तोंडावर हात ठेवून हसायची. तेवढं चालतं, माझी पुण्याची जाऊबाई बोलायला लागली तरी ती हसतीलच.

दिवाळीनंतर ती येईनाशी झाली. आज येईल, उद्या येईल करून मी वाट पाहिली आणि मग शाळा सुटल्यावर वस्तीत गेले. तिची आई ओट्यावर ज्वारी पाखडत होती. म्हणाली, संक्रांत झाली की पोरीचा मामा येईल आणि तिला वर घेऊन जाईल. मामाचं गाव अजून जंगलातच आहे. तिथे शाळा चौथीपर्यंत. म्हणजे पोरीची शाळा संपलीच.

"अहो, पण झालं काय?" मी विचारलं.

"पोरं रोज पूछते," आई तिच्या अर्ध्या हिंदीत म्हणाली. "काहेको आई, काहेको आई."

दाराआडून त्या मुलीनं आईला दुरुस्त केलं. "ते म्हणतात, कावून आली. रोज सकाळी म्हणतात, फाटकातच. मी का आले ते मला माहीत नाही, मॅडम. मग मी काय सांगू?"

खरं सांगते, मला आधी हसू आलं. मग तिनं रोज काय ऐकलं असेल ते कळलं.

वऱ्हाडाबाहेरच्या माणसाला हे समजावणं म्हणजे डोकेफोड. ‘कावून’ म्हणजे ‘का’. पण ‘कावून आली?’ म्हणजे ‘का आलीस?’ नव्हे हो! माझं माहेर अमरावतीच्या अलीकडे, भातकुलीजवळ. अजूनही मी गेले की आई दारातच म्हणते, "कावून आली वं?" म्हणता म्हणता एका हातानं माझी पिशवी घेते आणि दुसऱ्या हातानं पाण्याचा गडवा पुढे करते. आलीस, बरं केलंस, आता जेवल्याशिवाय हलायचं नाही, एवढं सगळं त्यात असतं. जाऊबाई लग्नानंतर पहिल्यांदा माझ्या माहेरी आली तेव्हा आईनं तिलाही हेच विचारलं, आणि ती न्हाणीत जाऊन रडली होती. पण जाऊबाईला परत जायला पुणं होतं.

मी त्या मुलीला सांगितलं, बाई, ही आमची बोलायची रीत आहे, त्यात राग नाही. तिनं शहाण्या मुलीसारखी मान हलवली. दुसऱ्या दिवशीही ती आली नाही.

मग मी वर्गाला सांगितलं. एकच गलका झाला. "बाप्पा! मॅडम, आमी तं सगळ्यायलेच असं म्हनतो!" तिच्या शेजारी बसणारी एक उंच, ठसक्याची मुलगी आहे, आवाज असा की गावाच्या दुसऱ्या टोकाला ऐकू जावा. ती उभीच राहिली. "थे येडी हाये का? म्या काय वाईट बोलली तिले?"

मी डस्टर टेबलावर आपटलं. "गप! सगळ्यांनी डोळे मिटा."

मिटले. खडूची धूळ उन्हात तरंगत होती. मी हळू आवाजात सांगायला लागले. उद्या आपलं गाव उठलं. हापशी गेली, विहारापुढचा पिंपळ गेला, मारुतीचा पार गेला. तुम्ही पोहायला शिकलात ती विहीर गेली. बोलता बोलता मी कधी माझ्या माहेरी पोचले, मलाच कळलं नाही. काळ्या जमिनीतली पायवाट, शेताच्या धुऱ्यावरची बाभूळ, पुढे आईचं दार. आणि मग ते दारही तिथे नव्हतं, नुसतं गवत हलत होतं. मला भीती वाटली, मी डोळे उघडले. पोरं सगळी डोळे मिटून बसलेली होती. काहींच्या पापण्या थरथरत होत्या.

"आता तुम्ही दुसऱ्याच गावच्या शाळेच्या फाटकात उभे आहात," मी म्हटलं. "तिथली बोली निराळी. आणि जो तो विचारतो, का आलास? का आलीस?"

"मंग म्या म्हनीन, तुमच्या बापाचं काय जाते?" ती ठसक्याची मुलगी डोळे मिटूनच ओरडली. मग तिनं डोळे उघडले, माझ्याकडे पाहिलं. "अव माय," ती बारीक आवाजात म्हणाली, "थे तं आमीच."

लगेच सगळ्यांना निघायचं होतं. बिस्किटाचे पुडे घेऊन जायचं, माफी मागायची. मी म्हटलं, वरात घेऊन गेलात तर ती खाटेखाली लपेल. आणि ज्याच्या तोंडून ‘बिचारी’ निघेल त्याला मी बाहेर काढीन. गाव कसं मोडलं, वाघ पाहिला का, हेही उकरून काढायचं नाही. तिला वाटलं तर ती सांगेल.

"मंग बोलायचं काय?"

"बोलायलाच पाहिजे का? बसावं जरा."

ती ठसक्याची मुलगी एकटीच जायला लागली, रोज संध्याकाळी. गप्प बसणं तिच्या रक्तात नाही, पण बसायची म्हणे. आई पाखडायची, ह्या दोघी शेजारी बसून खडे निवडायच्या. सकाळी येऊन मला सगळं सांगायची. एक दिवस म्हणाली, "मॅडम, त्यायच्यात घराले उरा म्हनते. म्या म्हटलं, हे तुयं उरा, नाई का? तं म्हने नाई. हे घर हाये. उरा वरच राहिलं." एवढं सांगून ती जागेवर जाऊन बसली. मला शिकवायला सुचेना. फळ्यावर अपूर्णांक लिहून मी खिडकीबाहेर बघत राहिले. त्या दिवशी डोंगर अगदी स्वच्छ दिसत होता.

शाळेत मात्र ती बारकी मुलगी आली नाही ती नाहीच. संक्रांत झाली.

शनिवारी सकाळी बसमधून उतरले तर कुणीतरी सांगितलं, मामा आलाय. मी शाळेत न जाता तशीच वस्तीत पळाले. धुकं इतकं, की घरांच्या ओळी पाण्यात उभ्या असल्यासारख्या. दारात मामाची मोटारसायकल चालू होती. मागे बोचकं बांधलेलं, त्याला टेकून ती मुलगी बसलेली. आई ओट्यावर पदर तोंडाला लावून उभी. आणि गाडीच्या पुढ्यात, वेणी न घालता, धापा टाकत, आमची ठसक्याची मुलगी. मला वाटलं, आता ही मामाशी भांडणार.

ती भांडली नाही. तिनं नुसतं विचारलं, "कावून चालली वं?"

गाडी फटफटत राहिली.

"सांग नं," ती रडायला लागली. "कावून चालली?"

ती बारकी मुलगी गाडीवरून उतरली आणि ओट्यावर बसून मोठ्यानं रडली. इतके दिवस तिचा एवढा आवाज मी ऐकला नव्हता. मामानं गाडी बंद केली. थोडा वेळ वाट पाहिली आणि मग तो बोचक्याची दोरी सोडायला लागला.

हुंदके देतच ती मला म्हणाली, त्याच पुस्तकी मराठीत, "आम्ही गावातून निघालो ना, मॅडम, तेव्हा ट्रकजवळ पुष्कळ माणसे होती. पण असे कोणी विचारले नाही."