बुधाची गाडी जागची हलेना

पेठ रोडला, फुलेनगरच्या अलीकडे जयराम पगारेचं गॅरेज आहे. गॅरेज म्हणजे पत्र्याची शेड, इंजिन उचलायची चेनकप्पी आणि बाहेर मावतील तेवढ्या गाड्या. तो कामाला होता ती सातपूरची कंपनी बंद पडली तेव्हा जयरामने ते सुरू केलं. त्या काळात तो गिअरबॉक्स एकट्याने छातीवर घेऊन गाडीखालून सरकत बाहेर यायचा. आता साठी जवळ आलीय. उजवा हात खांद्याच्या वर जात नाही. शर्ट घालायलाही त्याला वेळ लागतो. हे तो गिऱ्हाइकांना सांगत नाही.

पेठच्या पलीकडच्या पाड्यावरचा बुधा भोये हे त्याचं जुनं गिऱ्हाईक. पाड्यावर चारचाकी एकच, बुधाची. सावळघाटात तिचा पाण्याचा पाइप फुटला, गाडी तशीच रेटली गेली आणि इंजिन जाम झालं. जयरामने भंगारवाल्याकडून त्याच मॉडेलचं दुसरं इंजिन आणून बसवलं आणि बुधाला फोन केला.

बुधा एसटीने आला. चावी फिरवताच इंजिन सुरू झालं.

"आवाज तं चांगला हाय, मिस्तरी," बुधा म्हणाला.

जयराम आत बसला. पहिला गिअर टाकला, क्लच सोडला. गाडी हलली नाही. दुसरा टाकला, रिव्हर्स टाकून पाहिला. साधा हिसकाही बसला नाही. गिअर पडत होते, इंजिन गुरगुरत होतं आणि गाडी जागच्या जागी उभी.

"क्लचचं काहीतरी आहे," जयराम म्हणाला. "गिअरबॉक्स परत खाली घ्यावा लागेल, बुधाभाऊ."

बुधा चिडला नाही. त्याने बॉनेटवर हात ठेवला. मग म्हणाला, "गाडी इथं असताना पुतणीला कळा आल्या व्हत्या. रस्त्यापर्यंत डोलीत आणली चौघांनी. पाऊस नव्हता म्हणून बरं."

"कशी आहे आता?"

"बरी हाय. पोरगी झाली." पिशवी खांद्याला अडकवून तो एसटी धरायला निघाला. तो ओरडला असता तर बरं झालं असतं, असं जयरामला वाटलं.

पुन्हा ऑइल काढा, चाकं काढा, चाकांना जोर देणारे दोन्ही शाफ्ट काढा, बोल्ट सोडवा. डावा शाफ्ट पहारीने उचकटावा लागला. उजवा नुसता ओढताच हातात आला. चला, एक तरी काम सोपं झालं, असं म्हणून जयरामने तो बाजूला ठेवला. गिअरबॉक्स खाली आला, क्लच उघडला. प्लेट सरळ बसली होती. दातेही ठीक होते. तो टायरवर बसून ती प्लेट उलटीसुलटी करून बघत राहिला. दोष सापडला असता तर अंगात थोडी ताकद तरी आली असती. शेवटी पुसून तीच प्लेट परत लावली आणि सगळं पुन्हा वर चढवलं. गाडी खाली घेऊन गिअर टाकला.

तेच. गाडी हललीच नाही.

तो गाडीखाली जाऊन पाठीवर पडला. काय बघायचं ते सुचत नव्हतं. उजव्या बाजूला गिअरबॉक्सला ऑइलचा एक थेंब लटकत होता. भरताना सांडलं असेल, असं त्याने धरलं. पडून राहिलं की बरं वाटत होतं.

"अहो, झोपलात की काय?" त्याची बायको मालनबाई डबा घेऊन आली होती. तिला त्याचे फक्त बूट दिसत होते.

"नाही गं. हात दे जरा."

तिने ओढून त्याला उठवलं. जेवायला बसण्याआधी तो म्हणाला, "जरा आत बस. गाडी चालू असताना मला बाजूने ऐकायचंय."

"मला गाडीतलं काय कळतं?"

"काही कळायला नको. डाव्या पायाने क्लच दाबून ठेव, मी सांगतो तेव्हा हळू सोड."

हँडब्रेक ओढून, खिडकीतून हात घालून त्याने गिअर टाकला आणि बॉनेटशी बाजूला उभा राहिला. मालनबाईने जीव मुठीत धरून पाय सोडला. इंजिनचा आवाज आला, बाकी काही नाही.

"बंद कर," तो वैतागून म्हणाला.

"अहो, पण इथला काटा वर गेलाय. गाडी तर उभीच आहे ना?"

जयराम खिडकीशी आला. स्पीडचा काटा वर जाऊन थरथरत होता.

म्हणजे क्लच चांगला होता. गिअरबॉक्सही फिरत होता. जोर तिथपर्यंत येत होता आणि चाकापर्यंत पोचायच्या आधी वाया जात होता. त्याला हाताने ओढताच निघालेला उजवा शाफ्ट आठवला. तो लॉकमध्ये कधी बसलाच नव्हता, पहिल्यांदाही नाही आणि आताही नाही. एक बाजू मोकळी राहिली की सगळा जोर तिकडेच नुसता फिरतो. आत बसताना शाफ्ट टक् वाजतो. तो वाजेपर्यंत रेटायचं असतं, हे जयरामला कुणी शिकवायची गरज नव्हती. त्याने रेटलंही होतं. खांद्यात कळ आली तिथे तो थांबला होता.

तो जेवला नाही. चाक काढलं, शाफ्ट सरळ धरला.

"माझ्या हाताच्या मागे हात लाव," तो मालनबाईला म्हणाला. "मी म्हटलं की दोघांनी रेटायचं."

पहिल्यांदा जमलं नाही. दुसऱ्यांदा आत टक् वाजलं. मालनबाईच्या हिरव्या बांगड्यांना काळं ग्रीस लागलं होतं. गाडी खाली घेतली, गिअर टाकला, आणि ती निमूट पुढे सरकली. जयरामला आनंद व्हायला हवा होता. त्याने गाडी बंद केली आणि स्टिअरिंगवर डोकं टेकलं.

फोन केल्यावर दुसऱ्या दिवशी बुधा आला. जयरामने त्याला सरळ सांगितलं, "क्लच नव्हताच. शाफ्ट माझ्याकडून अर्धवट बसला होता. तुमची फेरी फुकट गेली."

"आता बसला ना?"

"बसला."

"मग झालं तं," म्हणत बुधा गाडीत बसला. त्याचे डोळे तांबारले होते. पाड्यावर एका म्हाताऱ्याची मयत होती, रात्रभर जागरण झालं, असं तो म्हणाला. गाडी पेठच्या दिशेने गेली.

दुपारी सिन्नरहून एकाचा फोन आला. इंजिन उतरवायचं काम होतं, जयरामकडेच करायचं म्हणत होता.

"मी आता ब्रेक, सर्व्हिसिंग तेवढंच करतो," जयराम म्हणाला. हे त्याने आधी कुणालाच सांगितलं नव्हतं, मालनबाईलाही नाही. ती डबा उघडत होती. तिने वर पाहिलं आणि त्याच्यापुढे भाकरी ठेवली.