केचप ही भाजी आहे का?

ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला, सरकारी खर्च वाचावा म्हणून शाळेच्या जेवणात केचपला भाजी धरावं, असा प्रस्ताव वॉशिंग्टनहून निघाला होता. तेव्हा आम्ही राहत होतो त्या अमेरिकेतल्या नोव्हाय गावी, माझ्या बॉसच्या अंगणातल्या बार्बेक्यूत एक कॉन्झर्व्हेटिव्ह आमदार त्याची गंभीरपणे तरफदारी करत होते. आम्ही नवरा-बायको शाकाहारी, त्यामुळे आमच्या प्लेटमध्ये नुसता पाव आणि केचप.

"शाकाहारी माणसालाच विचारू या," बॉस माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला. "काय रे, ही भाजी की नाही?"

आमच्याकडे चटणी ताटात डावीकडे वाढतात आणि भाजी उजवीकडे. हे शेंबड्या पोरालाही कळतं. पण माझ्या ग्रीन कार्डचा अर्ज महिनाभर बॉसच्या टेबलावर सहीसाठी पडून होता. सही झाली नसती, तर उन्हाळ्यात आम्हाला गाशा गुंडाळावा लागला असता. सगळे माझ्याकडे बघत होते.

"भाजीच, सर," मी म्हणालो. आमदारांनी टाळ्या वाजवल्या.

"अहो," बायको मराठीत हळूच म्हणाली, "उद्यापासून डब्यात हीच देऊ का?"

"सही होईपर्यंत दे," मी म्हणालो, आणि आमदारांनी पुढे केलेली केचपची बाटली हसत हसत हातात घेतली.