आबांचं बंद झालेलं पाणी

गिरणी संपाचं दुसरं वर्ष. मणक्याच्या ऑपरेशननंतरचा नववा दिवस, सकाळचे सव्वादहा. परळच्या रुग्णालयात माझ्या खाटेपाशी डॉक्टर, नर्स आणि माझी बायको सुमन, एवढी तिघं होती. डॉक्टर म्हणाले, "ऑपरेशन नीट झालंय. पण नसा फार वेळ दबून राहिल्या. याला कॉडा इक्विना म्हणतात. सगळं परत येईलच असं नाही."

कण्याच्या तळाशी घोड्याच्या शेपटीसारखा नसांचा झुपका असतो. पाय, लघवी, शौच यांचा ताबा त्यातून चालतो. माझी दोन मणक्यांमधली चकती सरकून त्यावर बसली होती.

मी गिरणीत हजेरी-कारकून. संपात दादरच्या बाजारात गोणी उचलू लागलो आणि कंबर धरली. तिसऱ्या आठवड्यात बसायची जागा बधिर झाली. हे मी लाजेपोटी सुमनलाही सांगितलं नाही. चार दिवस गेले. लघवी पूर्ण अडली तेव्हाच रुग्णालय गाठलं. ते चार दिवस वाया घालवले ते मी, दुसऱ्या कुणी नाही.

घरी आलो तेव्हा डावं पाऊल उचलत नव्हतं. दर तीन तासांनी, इच्छा होवो न होवो, बेंबीखाली दाबून लघवी करायची, असं डॉक्टरांनी शिकवलं होतं. झोपेत ते साधत नसे.

लालबागच्या आमच्या चाळीत पुरुष गॅलरीत झोपत. माझ्या शेजारी पलीकडच्या खोलीतले आबा, वय अठ्ठ्याहत्तर. गॅलरीचा उतार त्यांच्याकडे. पहिल्यांदा भिजलो तेव्हा सगळ्यांच्या आधी उठून मी माझं अंथरूण गुंडाळलं. ओल सापडली आबांच्या गोधडीखाली.

त्यांची सून शालिनी ओरडली, "आबानू, ह्या वयात ह्या काय? आजपासून चार वाजल्यानंतर पाणी बंद तुमका!"

"माका कळाकच नाय गे," आबा म्हणाले. आपणच भिजवलं, असं त्यांनाही वाटलं होतं.

मी शेजारी दात घासत उभा होतो.

अकरा दिवसांत असं पाचदा झालं. बाराव्या दिवशी संध्याकाळी आबा माझ्या दाराशी आले. ओठ सुकलेले. "घोटभर पाणी दी रे. सुनेक सांगू नको. ती माका गावाक धाडतली."

मी तांब्या दिला. म्हणालो, "आबा, तो मी होतो. पाचही वेळा."

त्यांनी आधी पाणी संपवलं. "मेल्या, अकरा दिवस माका सुकवलंस? चल, तिच्यासमोर बोल."

पाय ओढत गेलो. शालिनी आणि तिचा नवरा यांच्यासमोर बधिरपणापासून सगळं सांगितलं. मान वर करवत नव्हती.

"भावजी, पयल्याच दिवशी सांगूचा होतात," एवढंच ती म्हणाली आणि आबांचा तांब्या भरायला आत गेली.

तुमच्यापैकी कुणाची बसायची जागा बधिर झाली किंवा लघवी अडली, तर त्याच दिवशी दवाखान्यात जा. तोंडातून शब्द फुटत नाही, हे मला ठाऊक आहे. तरी सांगा.

मी बरा झालो नाही. पाऊल अजून ओढतं, घड्याळ पाहूनच उठतो. आबा पुढे सहा वर्षं जगले. रोज सकाळी गॅलरीभर ऐकू जाईल असं विचारायचे, "काय रे, आज कोण भिजलो, तू काय मी?"

मी खरं ते सांगायचो.