कामटी काढायचा दिवस

२०१५ साली मी मुंबईतल्या एका प्रयोगशाळेत बकऱ्यांच्या गुडघ्यांवर काम करत होते. सांध्यात हाडाच्या टोकावर एक पांढरी, ओली, काचेसारखी गुळगुळीत गादी असते. तिला कूर्चा म्हणतात. माणसाची कूर्चा एकदा झिजली की पुन्हा नीट भरून येत नाही. तिच्यातल्या पेशी बाहेर काढून वाढवता येतील का, हे आम्ही शोधत होतो आणि त्यासाठी बकरीचा गुडघा बरा पडायचा.

अडचण अशी की शहरातल्या बाजारातून आणलेल्या गुडघ्यांचा काही ठावठिकाणा नसे. बकरी किती वर्षांची, कापून किती तास झाले, कोणी सांगेना. पेशी निम्म्या मेलेल्या निघत. आमचे सर हाडांचे सर्जन होते आणि प्रयोगशाळाही तेच चालवायचे. ते वैतागले होते. मी म्हटलं, "सर, मी डहाणूजवळच्या कैनाडची. तलासरीच्या बाजारात गेले तर बकरीचं वयच काय, तिची आई कोणाच्या दावणीला होती तेसुद्धा कळेल."

"मग जा की," सर म्हणाले.

तलासरीचा खाटीक पन्नाशीचा, बोलायला मोकळा. त्याचं अर्धं बोलणं गुजरातीत, अर्धं मराठीत. मी नुसते गुडघे मागितले तेव्हा तो सुरा खाली ठेवून माझ्याकडे बघत राहिला.

"बेन, मांस सोडून गुडघे? सूप करणार?"

मी त्याला सगळं समजावलं. त्याने शांतपणे ऐकलं आणि पहिला गुडघा माझ्यासमोर असा सोलला की आमच्या सरांनाही तसं जमलं नसतं. कूर्चेवर सुऱ्याचा ओरखडासुद्धा नाही. डहाणूच्या मासळीबाजारातून आणलेल्या थर्माकोलच्या खोक्यात बर्फावर ते गुडघे घेऊन मी मुंबई गाठली. खोक्याला बोंबलांचा वास येत होता, प्रयोगशाळेतली पोरं नाकं दाबून पळाली. पण दुसऱ्या दिवशी पेशींना रंग लावून सूक्ष्मदर्शकाखाली बघितलं तर जिवंत पेशींचे हिरवे ठिपके सगळीकडे चमकत होते आणि मेलेल्यांचे लाल ठिपके शोधावे लागत होते. मग तीच पोरं एकमेकांना ढकलून डोकवायला लागली.

अशा पाच-सहा खेपा झाल्यावर एके दिवशी खाटीक म्हणाला, "बेन, आज तुझ्यासाठी एक गंमत ठेवली आहे." त्याने बकरीच्या मागच्या पायाची नळी माझ्या हातात दिली. मला तिच्यात काहीच दिसेना. त्याने माझा अंगठा धरून नळीवरून फिरवला. मध्यावर एक किंचित फुगवटा लागला.

"मोडली होती?"

"दोन तुकडे झाले होते. डोंगराकडच्या एका बाईने बांधलं. तिने बांधलेलं जनावर मी हात लावून ओळखतो. दुसऱ्या कोणी बांधलं तर पाय वाकडा बसतो."

मी ती नळी उलटसुलट करून पाहिली. सरळ रेषेत जुळलेलं हाड. आमच्याकडे त्यासाठी पट्ट्या, स्क्रू, भूल, ऑपरेशन थिएटर लागलं असतं. मी खाटकाला त्या बाईंचा पाडा विचारला आणि गुडघे त्याच्याकडेच बर्फात ठेवून तशीच तिकडे जाणारी इको व्हॅन पकडली. गाडी सोडल्यावर पाऊण तास चढ चालले.

त्या बाईंना मी काकी म्हणू लागले. त्या भात आणि नागली पिकवायच्या, घरच्या आठ-नऊ बकऱ्या होत्या. माझं नशीब असं की तीन दिवसांपूर्वीच त्यांची एक पाट, म्हणजे न व्यालेली तरुण बकरी, दगडी बांधावरून पडली होती. मागच्या पायाला बांबूच्या चार कामट्या, त्यावर जुन्या लुगड्याची पट्टी आणि आत कसला तरी वाटलेला पाला. शिकलेल्या माणसाला पहिल्यांदा पालाच दिसतो. मी विचारलं, "काकी, हा पाला कसला?"

"कसला का असंना. माश्या बसू नयेत म्हणून लावते."

"आणि हाड कशाने जुळतं?"

"हाड ते आपलं आपण जुळतं, बाय. आपण फक्त हलू द्यायचं नाय."

मला ती पाट पुन्हा पुन्हा बघायची होती, आतून. सरांना फोन करायला रस्त्यापर्यंत उतरावं लागलं, तेव्हा कुठे रेंज आली. सर म्हणाले, "त्यांच्या उपचारात तू काही बदल करायचा नाहीस. फक्त बघायचं." मग मी तलासरीतल्या एका एक्सरेवाल्याला गाठलं. तो आधी हसला, मग चिडला, मग म्हणाला, "दुपारी दोन ते चार पेशंट नसतात. आणा. पण लेंड्या टाकल्या तर झाडू तुम्ही मारायचा."

लेंड्या पडल्या. झाडू मी मारला.

पहिल्या फोटोत तुटलेल्या टोकांमध्ये स्वच्छ काळी फट होती. पंधरा दिवसांनी पुन्हा पाट, काकी आणि मी इकोत बसून गेलो. सगळे प्रवासी पाय आखडून बसले होते. या वेळी फटीभोवती धुरासारखं काहीतरी फिकट पांढरं दिसत होतं. नवं हाड! पुस्तकात शंभर वेळा पाहिलेली गोष्ट, पण पाट माझ्या शेजारी उभी राहून माझी ओढणी चघळत होती आणि तिच्या आत ती घडत होती. मी एक्सरेवाल्याला हाताला धरून फोटोपाशी ओढलं. तो म्हणाला, "मॅडम, मी रोज बघतो," आणि तरी वाकून बघत राहिला.

तिसऱ्या आठवड्यात मी पाड्यावर पोचले तेव्हा काकी पट्टी सोडत होत्या. त्यांनी चारातली पुढची कामटी उपसून बाजूला टाकली आणि तीन कामट्यांवर पुन्हा पट्टी बांधली.

"काकी, अजून जुळलं नाही! फोटोत बघितलंत ना?"

"नाय जुळलं, म्हणून तर काढली." त्यांनी अंगणातल्या आंब्याच्या कलमाकडे बोट केलं. "त्याला काठी लावली होती. काठी काढलीच नसती तर खोड बारीकच राह्यलं असतं. त्याला थोडा वारा लागाया हवा. आठ दिवसांनी दुसरी काढेन."

मी तिथेच ओट्यावर बसले. महिन्यापूर्वीच आमच्या ग्रंथालयात मी वाचलं होतं: हाड फार घट्ट जखडून ठेवलं तर नव्या हाडाला कामच उरत नाही, म्हणून काही डॉक्टर बाहेरून लावलेली चौकट टप्प्याटप्प्याने सैल करतात. पण कधी सैल करायची, किती करायची, यावर अजून वाद होते. आणि इथे या बाई तांदूळ निवडावेत इतक्या सहज ते करत होत्या!

मी रस्त्यापर्यंत धावत सुटले. चप्पल तुटली, हातात घेतली. सरांना धापा टाकत सगळं सांगितलं. त्यांनी पहिला प्रश्न विचारला:

"पाला कोणता आहे?"

"सर, पाला माश्यांसाठी आहे!"

सर इतके हसले की मला फोन कानापासून लांब धरावा लागला. मग गंभीर होऊन म्हणाले, "एका बकरीवरून काही सिद्ध होत नाही. दुसरी बघ. तिसरी बघ."

ती पाट नवव्या आठवड्यात कामट्यांशिवाय बांध चढली. पुढच्या दोन वर्षांत मी आणखी सहा जनावरं पाहिली. आजूबाजूच्या पाड्यांवरून लोक ती काकींकडे आणायचे. त्यांतली पाच नीट उभी राहिली. एका बोकडाचं हाड कातडीतून बाहेर आलं होतं. जखम चिघळली आणि तो गेला. काकींनी सरळ सांगितलं, "जखमेचं मला जमत नाय. ते डॉक्टरचं काम." मी तेही तसंच लिहून ठेवलं.

चौथ्या जनावराच्या वेळी सर स्वतः आले. अंगणात मांडी घालून बसले, गुडघा दुखत असूनही. काकींनी बकरीची नळी अंगठ्याने हळूहळू दाबली. मग सरांनी दाबली.

"पक्कं झालंय," सर म्हणाले. "काढा सगळ्या कामट्या."

"पुढून पक्कं," काकी म्हणाल्या. "मागून बोटभर कच्चं हाय. एक राहू द्या."

आम्ही चौघं, म्हणजे बकरी धरून, तलासरीला गेलो. एक्सरेवाल्याने या वेळी पायाचा बाजूनेही फोटो काढला. सरांनी फिल्म खिडकीच्या उजेडात धरली. पुढच्या बाजूला पांढरं, भरलेलं हाड. मागे, बरोबर बोटभर, काळी रेघ.

सरांनी त्या रेघेवर आपलं बोट ठेवून पाहिलं. मग वळून त्यांनी काकींना हात जोडले. "बाई, मी हरलो."

काकी लाजल्या नाहीत. "तुमचा हात चांगला हाय," त्या म्हणाल्या. "रोज दाबत जा."

परतताना गाडीत सर म्हणाले, "कूर्चा दुसऱ्या कोणाला देऊ. तू हाड घे." डहाणूपर्यंत आम्ही दोघं एकमेकांचं वाक्य तोडत बोलत होतो: सैल होणारी चौकट कशी बनवायची, दाब कसा मोजायचा, कुठून सुरुवात करायची.

२०१८ मध्ये खाटकाचा फोन आला. काकींनी ती पहिली बकरी, बांधावरून पडलेली, विकली होती. तिची नळी त्याने माझ्यासाठी ठेवली होती. मी गेले, घेतली. हातात धरल्यावर अंगठा आपोआप मध्यावरच्या फुगवट्यावर गेला. पण त्याच हाताने मी ती प्रयोगशाळेत दिली, तिचे कागदाहून पातळ काप करून घेतले, आणि आरशावर चालणारा एक जुना सूक्ष्मदर्शक उसना घेऊन पाड्यावर गेले.

भर दुपारचं ऊन आरशावर घेतलं. काकींनी एका डोळ्यावर हात ठेवून आत पाहिलं.

"तिचीच ना?"

"हो."

"चांगली होती. तीनदा व्याली." त्या पुन्हा वाकल्या. "ह्या बाजूची वळणं एकसारखी आहेत. त्या बाजूची दाटीवाटीची. मधे बांध हाय."

"दाटीची ती नवी, काकी. बांधापासून नवं हाड सुरू होतं."

त्या किती तरी वेळ डोळा काढेनात. ऊन सरकलं तसा आरसा फिरवावा लागला. मग मान वर करून म्हणाल्या, "हे तर सगळं झाल्यावरचं. कामटी काढायचा दिवस यात दिसतो का?"

"नाही दिसत."

"मग तो दिसायला काय लागंल?"

मी वही काढली. "तुमच्या अंगठ्याला काय काय लागतं ते आधी लिहू, काकी." त्या सांगू लागल्या की अंगठ्याला पहिल्या आठवड्यात काय लागतं, दुसऱ्यात काय, आणि मी उन्हातच बसून लिहू लागले.